गोपनीय

दिल्लीहून पाकीट आलं. पाकिटात पाकीट,
आतल्यावर लाल शिक्का.
पोस्टमन म्हणाला, बाई, कोर्टाचं हाय काय?
म्हटलं, तसंच समजा.

सतरा प्रश्न. वर सूचना :
हे पत्र मिळालं, एवढंही कुणाला सांगू नये.
मी शाहूपुरीतली रिटायर हेडबाई, गुडघे गेलेली,
आणि मला विचारतायत
इनास बारदेस्करला बिशप करावं का.

प्रकृती? चांगली.
घराणं? आजऱ्याकडं काजूची बाग, बाप सरळ माणूस.
शिकवणुकीवर निष्ठा?
आजवर एकही चुकीचं वाक्य बोलला नाही.
हे कौतुक आहे का, मलाच कळेना.
लोकांत मिसळतो का?

इथं पेन अडलं.
मिसळतो. फोटो निघेपर्यंत.
पंचगंगा गल्लीत शिरली त्या साली
बोटीत उभा, पांढरा झगा, हातात बिस्किटांचा पुडा.
पुडा कुणाला दिला ते फोटोत नाही.
पाणी उतरल्यावर चर्चमधला चिखल
फादर दुमिंगनं ओढला, लुंगी खोचून,
बाकं उलटी करून उन्हात टाकली.
त्याच्याविषयी मला कुणी काही विचारलेलं नाही.

इनासला कोल्हापूर दोन वर्षं पुरलं.
मग पुणे, मग रोम,
मग जुन्या बिशपांच्या गाडीत पुढची सीट.
गुजरीत म्हणे अंगठीचं माप देऊन गेलाय.
अफवा मी लिहीत नाही.
आणि तसा प्रश्नही नाही.

रात्री झोप लागेना.
पाचवी ब. तिमाहीत दुसरा आला म्हणून
नाक पुसत उभा इनास,
त्याच्या खिशावर मॉनिटरचा बिल्ला टोचणारी मी :
रडतोस काय? पुढच्या खेपेला वर चढ.
पिन त्याला लागली होती. हूं की चूं केलं नाही.
दुमिंग तेव्हा मागच्या बाकावर
कुणाच्या तरी दप्तराचा तुटका बंद शिवत बसलेला.
त्याला मी ओरडले होते, लक्ष कुठंय म्हणून.

सतराव्याखाली तीन ओळींची जागा होती.
एकच लिहिली. काय, ते सांगणार नाही, बंधन आहे.
जिभेनं पाकीट चिकटवलं,
रिक्षा करून मोठ्या पोस्टात टाकून आले.

रविवारी मिस्सेत प्रार्थना झाली,
देवा, आम्हाला चांगला मेंढपाळ दे.
बाहेर चपला शोधताना दुमिंगनं विचारलं,
बाई, आज गप्प का?
म्हटलं, काही नाही रे,
जिभेला डिंक लागलाय.