डाव्या मांडीचं माप

पाडव्याला पँट चढवताना डावा पाय अडला.
मीच शिवलेली. म्हटलं, धुण्यात आटली असेल.
पण कापड एकाच पायाला आटत नाही,
पंचावन्न वर्षं कात्री धरलेल्याला हे कुणी सांगावं?

दुखत नव्हतं. म्हणूनच राहिलं.
शहापुरात, कोरे गल्लीच्या तोंडाला माझं दुकान;
दुपारी शटर अर्धं ओढून टेप लावायचो
आणि गिऱ्हाइकांच्या वहीत, मागच्या पानावर,
नाव न घालता आकडा:
एकवीस.
साडेएकवीस.
हुदलीकरांचे लग्नाचे सफारी दिले त्या दिवशी
बावीस आणि दोन सूत.

शेवंतानं पान बघितलं.
‘हे कोण गिऱ्हाईक फुगायलंय?’

नेहरूनगरच्या दवाखान्यात फॉर्म कानडीत, रिपोर्ट इंग्रजीत.
गाठ तेवढी कुठल्याच भाषेत बोलत नव्हती.
‘अज्जा, इल्ली सही माडरी,’ नर्स म्हणाली.
केली; पावतीवर करतो तशीच, खाली रेघ ओढून.

भाचा वाचताना अडखळला. सार्कोमा.
मऊ मांसाचा. जास्त करून म्हाताऱ्यांना धरतो म्हणे.
त्याच्या आधीचे दोन शब्द लांबलचक,
डॉक्टर हंपण्णवरांनी फोड करून सांगितली:
‘ह्या पेशी कशापासून झाल्या ते ओळखू येत नाही.
स्नायू नाही, चरबी नाही.’
मला गठ्ठ्यातले कटपीस आठवले,
काठ फाडलेले, मिलचं नाव गेलेलं,
चिमटीत चोळलं तरी पत्ता लागत नाही.

मग त्यांनी कागदावर माझा पाय काढला.
गाठीभोवती एक गोल,
आणि बरंच सोडून बाहेर दुसरा.
‘एवढं चांगलं मांससुद्धा काढावं लागतं.
नुसती गाठ काढली तर कडेला राहिलेलं परत येतं.’

मी म्हटलं, माया.
‘काय?’
शिवणीबाहेर कापड सोडतो ना आम्ही, त्याला माया म्हणतात.
पोरगं वाढलं की उसवायचं, सैल करायचं.
आमची आत दुमडून ठेवायची असते.
तुमची टाकून द्यायची.

डॉक्टर कानडी माणूस. जरा थांबले,
आणि दोन गोलांच्या मधे
पेनानं जपून लिहिलं: माया.
काना थोडा तिरका आला.

शेजारच्या रुद्राप्पाला सांगून ठेवलंय,
कोण आलं तर म्हण, मास्तर गावाला गेलेत.
पाय राहील म्हणालेत. बहुतेक.
नंतर विजेचा शेक, पंचवीस दिवस,
ते अजून शेवंताला सांगितलेलं नाही.

आज शनिवार. नंतर घालायला एक पायजमा बेतायला घेतला.
उजवा पाय सवयीनं कापून झाला.
डाव्याला किती घ्यायचं, कळेना.
खडूची रेघ मारली, पुसली,
दोन बोटं बाहेर परत मारली.

‘आणि थोडं घ्या की,’ दारातून शेवंता म्हणाली.
‘कापड आहे.’