हळदोणे, हळदोणे

म्हापसा स्टँडवर मी ओरडत होतो नेहमीसारखा,
बस्तोडा, उसकई, नाचनोळे, हळदोणे, हळदोणे,
तेवढ्यात काचेवरची रोमन पाटी वाचून
पिकल्या केसांची एक बाई फुटबोर्डशी थांबली.
पाटीवर बोट ठेवून म्हणाली, हे माझं नाव.

मला वाटलं, ऊन लागलं असेल.
तिने पासपोर्ट काढला. तेच नाव : आल्दोना.
फिरंग्यांच्या जिभेवर आमच्या गावाचं जे झालं
ते लिथुआनियात मुलींना बारशाला ठेवतात.
कायतान ड्रायव्हर म्हणाला, गावच तिचं, तिकीट कसलं घेतोस?
मी घेतलं. मालक रात्री मोजतो.

इंजिनाच्या झाकणावर केळ्यांचा घड, शेजारी ती.
माझं इंग्रजी सुट्ट्या पैशांपुरतं, तिचंही तेवढंच,
म्हणून गोष्टही सुटी सुटीच हातात आली.

बस्तोड्याला ती नऊ वर्षांची होती.
मालगाडीचा डबा. आई. शिवणयंत्राचं नुसतं मुंडकं,
पाय मागेच राहिले.
सैबेरियातल्या शाळेत बाईंना तिचं नाव जमेना.
त्यांनी हजेरीत आलेव्हतीना लिहून टाकलं.
आठ वर्षं ती त्या नावाला ओ देत राहिली.

उसकईच्या वळणावर एकदम पन्नाशी.
ऑगस्टची तेवीस, संध्याकाळचे सात.
ती जन्मली त्या वर्षी याच तारखेला
मॉस्को आणि बर्लिनने तिसऱ्यांचीच घरं वाटून घेतली होती,
शेजाऱ्याच्या फणसाचे गरे वाटावेत तशी.
म्हणून तालिनपासून रिगा, रिगापासून व्हिल्नियस,
माणसं रस्त्याला लागली, हातात हात.
किती किलोमीटर, मी विचारलं. धंद्याची सवय.
सहाशेच्या वर.
आमचा अख्खा गोवा उभा केला असता तरी पुरला नसता.

त्यांनाही एके ठिकाणी पुरेना, ती म्हणाली.
मध्ये दोन हात जागा उरली.
तेव्हा उभ्या बसमधून कंडक्टर उतरला, पिशवीसकट.
एका बाजूला माझी जाऊ, दुसऱ्या बाजूला तो.
हाताला नाण्यांचा वास होता त्याच्या.
पंधरा मिनिटं.
मग तो परत चढला आणि बस गेली.

मी माझी बोटं पँटला पुसली. का, ते माहीत नाही.

नाचनोळ्याला कुणी सोडणं जाळत होतं.
तिने नाक वर केलं : दूमाइ.
धूर, मी म्हणालो. धूमसुद्धा म्हणतात, पोथीत.
ती हसली नाही.
जानेवारीच्या रात्री पार्लमेंटभोवती शेकोट्या होत्या,
ती थर्मास घेऊन बसली होती.
रणगाडे टीव्हीच्या मनोऱ्याकडे वळले.
मी मनोऱ्याकडे नव्हते, म्हणाली.
थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, नव्हते.

मी काय सांगणार?
एकसष्ट साली मी सात वर्षांचा.
निजलो तेव्हा इश्कुद, पुढे कधीतरी रुपया.
बाप पाडेली. त्याने झेंडा धरला नाही की कुणाचा हात.
त्या दिवशीही माडावर चढला होता,
वरून पूल उडाल्याचा धूर दिसला, एवढंच सांगायचा,
आणि नारळ कितीला गेले ते.

आता तिची नात इंग्लंडात कोंबड्या पॅक करते.
कायतानचा मुलगाही तेच करतो, आजोबांच्या पोर्तुगीज दाखल्यावर.
हे ऐकून कायतानने उगाच हॉर्न वाजवला.

इगर्जीपाशी ती उतरली.
पाटीखाली उभी राहिली, फोटो काढायला कुणी नव्हतं.
मी काढला. हात हलला, पाटीतलं एक अक्षर कापलं गेलं.
चालेल, म्हणाली, याहून जास्त कापलेलं आहे.
परतीच्या फेरीला ती नव्हती.

तेव्हापासून स्टँडवर ओरडताना
शेवटच्या हाकेनंतर मी जरा थांबतो.
कायतान शिव्या घालतो, मागची बस चढवतील म्हणतो.
थांबू दे.
नाव घेतलंय कुणाचं तरी,
ओ येईपर्यंत दार धरायला नको?