यादी, अकरावी ब

गड्ड्याची गर्दी ओसरली की
होटगी रोडच्या शेतात हुरडा, आणि आम्ही:
अडुसष्टची मॅट्रिक, अकरावी ब,
उरलेले एकोणीस.
गाण्यांचं काम माझ्याकडे आलं,
कारण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
माझ्या कानांनी पगार घेतला.

मल्लिनाथ म्हणाला, साठ ते सत्तर.
एक वर्ष इकडंतिकडं नको बे.
तो जन्मभर विक्रीकर खात्यात होता.

मग फोन सुरू झाले.
गाण्याचं नाव कुणालाच सांगता येईना.
रशीदा म्हणते, ते गं,
आमच्या बेकरीसमोरच्या हॉटेलात लागायचं,
मधेच सुई अडकायची आणि ती बाई
एकच शब्द सात वेळा म्हणायची.
अडकत नसेल तर मला नको.
शंकरलिंग म्हणतो, उन्हाळ्यातलं कुठलंही,
गच्चीवर पाणी मारून अंथरुणं टाकली की
तिसऱ्या गच्चीवरून यायचं ते.
प्रभावतीला हवं होतं
तिच्या वरातीत बँडवाल्यांनी चुकवलेलं,
चुकलेलंच.

नातू फोनवर बोट फिरवतो,
अर्ध्या मिनिटात गाणं काढून देतो,
धुतलेलं, इस्त्री केलेलं.
मी ऐकते. काहीतरी कमी आहे.
दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळतं,
खटका कमी आहे.
साखर पेठेत आम्ही एकही गाणं
मागाशिवाय ऐकलं नव्हतं.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
त्याच्या फटीतून बुधवारचं सिलोन,
एक ओळ आमची, एक ओळ चादरीची.
काही गाण्यांच्या मधल्या ओळी
मी बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा ऐकल्या.
खरं सांगू का,
मी मनानं घातलेले शब्द जास्त बरे होते.

सत्तावीस झाली. मी खूश होते.
तेवढ्यात अंबादास गुंडेटीच्या सुनेचा फोन:
मामा येणार म्हणतात हो,
पण त्यांना आता ऐकू येत नाही.
चाळीस वर्षं पॉवरलूम.
मशीन दिलंय कानाचं, ते काढून खिशात ठेवतात.
त्यांच्यासाठी म्हणून मोठ्यानं लावू नका,
फक्त सगळ्यांच्या समोर बसवा.
ते तोंडं बघतात.

अंबादास.
सकाळच्या शाळेला डुलक्या घेत यायचा,
बोटांना रंग, सोमवारी जांभळा, शनिवारी हिरवा.
हजेरीला 'हजर' म्हणायचा तेही चालीत,
आणि छडी खाऊन पुन्हा चालीतच बसायचा.

रात्री आरशासमोर उभी राहिले.
एकेक गाणं लावून आवाज बंद केला,
नुसतं ओठांनी म्हटलं.
दुःखाची बरीचशी गाणी
जवळजवळ मिटल्या तोंडानं म्हणता येतात. काढली.
सुरुवातीला लांबलचक व्हायोलिनं असलेली,
तेवढा वेळ अंबादासनं काय बघायचं? काढली.
पहिली ओळ सगळ्यांना पाठ
आणि पुढं नुसतं हूं हूं, तीही गेली.
मल्लिनाथचं लाडकं त्यातच गेलं. भांडेल.
उलट एक बाहत्तरचं आत आलं,
कारण त्यात एक 'आ' आहे,
कवळी सांभाळून म्हणावा लागेल एवढा.

नऊ उरली.
नातू म्हणतो, आजी, पस्तीस मिनिटं होतात फक्त.
म्हटलं, परत लावू की.

रशीदाचं मात्र राहिलंय.
सुई अडकलेलं कुठं मिळत नाही,
म्हणून नातवाकडून तो शब्द
सात वेळा जोडून घेतला.
तिथं एकोणीस तोंडं
एकाच आकाराची होतील.
नाही, अठरा.
एकोणिसाव्याच्या ताटातला हुरडा
तोवर गार होऊ नये,
एवढं कुणीतरी बघा.