तीस नंबर

घाटकोपरच्या मैदानातली गवत कापायची मशीन
पाण्याने थंड होत नाही.
तिला रेडिएटर नाही, पंप नाही,
सिलिंडरवर नुसत्या पातळ पट्ट्या
आणि त्यांतून जाईल तो वारा.
मे महिन्यात सकाळी अकराला
आमच्याकडे वारा असतो तेवढाच.

हे मला मुस्तनसिर शेठनी सांगितलं,
नागदेवीच्या गल्लीत, काउंटरला कोपर टेकून.
मी डबा पुढे केला होता, ऑफिसातून मिळालेला,
निविदेत सर्वांत स्वस्त ठरलेला.
वर लिहिलेलं: वीस डब्ल्यू चाळीस.

"बाई, ह्यातला डब्ल्यू म्हणजे काय?"
मला वाटलं, मालकाचं नाव असेल.
"विंटर. थंडीत घट्ट होऊ नये म्हणून.
तुमच्या मैदानात बर्फ कधी पडला?"
मी हसले.
त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
"गाडीत चालतं. गाडीला पाणी असतं.
ह्या छोट्या इंजिनात ते तापतं, तुटतं,
रिंगांमधून वर चढतं, जळून जातं.
निळा धूर येतो?"
येतो.
"दांडी कोरडी?"
दर आठवड्याला.
मला वाटायचं, मशीन म्हातारी झाली, पिते.

"साधं तीस न्या. एकच नंबर.
गार असो, गरम असो, सोंग नाही."

तीस.
मी पैसे मोजायचे थांबले.

दिगंबर गेला त्याच्या जागी मला घेतलं,
कागदावर त्याला अनुकंपा म्हणतात.
आधी झाडू दिला, मग पाण्याचा पाइप,
मशीन कोणी धरेना तेव्हा मशीन.
लोटलीकर साहेब म्हणाले, बाईमाणसाला झेपेल?
तिसऱ्या झटक्याला चालू करून दिली.

शेडच्या भिंतीवर, खताच्या गोण्यांमागे,
कोळशाने लिहिलेलं त्याचं अक्षर:
१२/१ – ३०
१६/२ – ३०
११/३ – ३०
दोन वर्षं मी ते वाचत होते.
कोणाला देत होता हा दर महिन्याला तीस रुपये?
घरात मीठ उसनं आणायचे मी तेव्हा.
एकेक बाई डोळ्यांपुढे आणली,
नर्सरीतली, चहावाली, कांजूरची कोणी.
मेलेल्या माणसाशी किती भांडले,
त्याला एक शब्द बोलता आला नाही.

शेठ म्हणाला, "काय झालं?"
म्हटलं, काही नाही, एक लिटर द्या.

आता मी आधी पाच मिनिटं मशीन चालवते,
ऑइल कोमट झालं की बरोबर घाण घेऊन उतरतं.
प्लगची टोपी काढायची, एअर फिल्टर वर ठेवून आडवी करायची.
काळं ऑइल डब्यात. वॉचमन मागून नेतो,
गेटच्या बिजागरीला.
पाण्याच्या बाटलीवर मार्करची रेघ आहे, सहाशे मिलीची,
तिच्यावर थेंब नाही.
दांडी पुसायची, घालायची, काढायची,
दोन खुणांच्या मधे असलं की पुरे.
जास्त माया केली तरी धूर येतो.

पैसे माझे जातात. निविदेतला डबा
शेडमध्ये तसाच आहे, त्यावर मी डबा ठेवून जेवते.

भिंतीवर त्याच्या खाली
माझं अक्षर सुरू झालंय. कोळसाच वापरते.
४/५ – ३०.

एक ओळ मात्र सुटत नाही.
१९/८ – ४०.
शेठला विचारलं. म्हणाला, "चालतं चाळीसही,
कडक उन्हात."
ऑगस्टात कुठलं आलंय ऊन?
तीस संपलं असेल दुकानात.
असेल.

दोरी ओढते.
पहिल्या झटक्याला घेत नाही ती, कधीच.