उणे सदुसष्ट

पिंपळगावच्या अलीकडे, हायवेला लागून,
द्राक्षांचं पॅकहाऊस नोव्हेंबरात रिकामं असतं.
शटर वर गेलं तशा चार चिमण्या बाहेर पडल्या
आणि आत मी,
तिपाईवर बांधलेला पांढरा डबा,
पिस्तुलासारखी मूठ असलेलं टर्मिनल,
खिशात खडू.

दहा पावलं चालायचं. थांबायचं. वाचायचं.
फरशीवर आकडा लिहायचा.
उणे एक्कावन्न. उणे चोपन्न. उणे अठ्ठावन्न.
आमच्या धंद्यात सगळंच उणं,
कमी उणं ते चांगलं.
सदुसष्टपर्यंत चालतं.
त्याच्या खाली पिंग जातो आणि परत येत नाही,
शेजारी दिलेल्या पातेल्यासारखा.

पुंजाराम गांगुर्डे खुर्ची घेऊन मागे मागे येत होते.
एकोणीस हंगाम त्यांनी इथे लॉट पुकारलेत,
चार नंबरच्या थंड खोलीतून डॉकपर्यंत:
"सातशे बारा, थॉमसन, पाच किलो!"
डॉकवरचा पोरगा वहीत लिहून घ्यायचा,
कधी सातशे बारा, कधी सातशे बावीस.
मागच्या साली एक पॅलेट भलत्याच देशाला गेलं,
म्हणून मी आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं,
"काय मोजता, ताई?"
"आवाज पोचतो का ते."
"कुणाचा?"
"ह्या डब्याचा."
त्यांनी डब्याकडे पाहिलं, भिंतींच्या पत्र्याकडे पाहिलं.
"आत्ता पोचेल. रिकाम्या घरात कुणाचाही पोचतो.
जानेवारीत या.
माल छपराला टेकला की
माझा चार नंबरातनं तीनमध्ये जात नाही.
द्राक्ष आवाज पिऊन टाकतं."

मी हसले नाही.
पाणी लहरी पितं, हे मला कॉलेजात
दोन पानांत शिकवलं होतं.
नकाशात मात्र मी सगळीकडे हिरवा भरून मोकळी,
सहा डबे पुरतील, अशी मेलही पाठवलेली काल रात्री
गंगापूर रोडच्या खोलीवरून, जेवायच्या आधी.

नोव्हेंबरात द्राक्षं कुठून आणणार?
टोमॅटो.
बोरस्ते शेठनी बाजार समितीत दोन फोन केले,
एक आयशर उलटी येऊन लागली.
दोनशे चाळीस क्रेट, चारच्या आत परत, ह्या बोलीवर.
हमालांना वाटलं, काहीतरी सरकारी असावं.
तीन नंबरात थप्पी लागली, हात वर केला तरी पुरेना,
मधे माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ.

त्या लाल बोळात मी शिरले.
वास मात्र हिरवा, उग्र.
उणे एकसष्ट.
उणे अडुसष्ट.
उणे एकोणऐंशी.
मग पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं,
बराच वेळ.

थप्पीपलीकडून पुंजाराम ओरडले, "हाय का?"
दबलेलं, उशीतून आल्यासारखं, पण आलं.
"नाही," मी म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नसावं,
कारण त्यांनी पुन्हा विचारलं.

डबा भिंतीवरून काढून बोळाच्या तोंडाशी छताला टांगला.
अँटेना खाली वळवली. शिडी पाच वेळा हलवली.
उणे सहासष्ट. एकाने सुटलो.
सहाचे नऊ झाले.
बोरस्ते शेठ कठड्याला टेकून आकडे बघत राहिले,
मग म्हणाले, "आयशरचं भाडं कोण देणार?"

चहा डॉकवर.
मी पुंजारामांच्या हातात टर्मिनल दिलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ट्रिगर दाबला,
लाल रेघ आधी माझ्या चपलेवर,
मग खांबावर, मग क्रेटच्या लेबलावर स्थिर झाली.
पीं.
"म्हंजे आता ओरडायचं नाही."
"नाही."
"बरं झालं," ते म्हणाले,
घसा खाकरला,
आणि हमालांना हाक मारली, इतकी मोठी
की हायवेच्या पलीकडला टपरीवाला वळून बघायला लागला.

फरशीवरचे आकडे पुसायचे राहून गेले.
खर्चाच्या कागदावर मी लिहिलं:
खडू, एक पेटी.
आयशर, अर्धा दिवस.
टोमॅटो, एक क्रेट, थप्पी उतरवताना चेंगरलेले.
हेड ऑफिसने शेवटच्या ओळीखाली रेघ मारून विचारलंय,
हे काय?
अजून उत्तर लिहिलेलं नाही.