बहात्तर तास

तिसऱ्या दिवशी परत, कारंज्याच्या अलीकडच्या गवळीपुऱ्यात.
पंचफुलाबाईनं दावं आखडून धरलं:
"पाहा बरं, सुजलं काय जी?"
मोरणी पांढरी गवळाऊ. मानेवर भादरलेला चौकोन,
त्यात सुपारीएवढी गाठ.
कॅलिपर म्हणालं, सात मिलिमीटर.

तिचं रक्त नागपुरात रात्रभर उबेत जागं होतं.
जंतूची अकरा प्रथिनं
अकरा खळग्यांत थेंब थेंब मांडलेली.
दहा ठिकाणी पेशी गप्प.
नवव्यात मात्र सकाळी
हळदीचं पाणी.

हे बाईला कसं सांगू?
म्हटलं, हिच्या रक्तात राखणदार आहेत,
आम्ही त्यांना अकरा चपला दाखवल्या,
एक पाहून ते खवळले.
"मंग चोर घरातच हाये म्हना."
हो.
"कवापासून?"
ते चपलेवरून कळत नाही, बाई.

वहीत लिहिलं: नववं.
दूध उकळूनच प्या, म्हणायला वळलो
तर मोरणी माझी बाही चाटायला लागली,
खरखरीत, मीठ शोधत.
आणि दारात बाईचा नातू,
हातात रिकामा गडवा,
ओठावर फेस.