टवका

ब्रँडनच्या चर्चमागे, आयव्हर थर्टलच्या शेडमध्ये
मी दर शनिवारी दगड फोडायला जाते.
म्हणजे फोडायला नाही.
फोडायचाच तर रस्त्यावर आपट, पहिल्या दिवशी तो म्हणाला,
माझ्याकडे कशाला आलीस?

त्याआधी तो माझ्याकडे आला होता,
थेटफर्डच्या दवाखान्यात, कान तपासायला.
काचेपलीकडे हेडफोन लावून बसला.
आवाज आला की बटण दाबा, मी सांगितलं.
तीन हजार हर्ट्‌झच्या पुढे बटण दाबलंच नाही त्यानं,
नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला.
आलेख कड्यावरून पडावा तसा पडला.
त्यानं एकच विचारलं:
चकमकीचा दगड वाजतो, तो परत ऐकू येईल?

यंत्र बसवलं. ऐकू आला,
पण पत्र्याच्या डब्यातून, म्हणे,
आणि दुसऱ्याच कोणी वाजवल्यासारखा.

म्हणून आता मी ऐकते.
खडूतून निघालेला दगड, अंगावर अजून पांढरी साल,
आत कोऱ्या चहाचा काळा.
तो तळहातावर तोलतो, ठोकतो,
भुवया उंचावतो.
बद्द, मी म्हणते.
हा शब्द मीच दिला त्याला.
बाजारात मडकं घेताना आई असंच ठोकायची,
आणि कुंभार दुसरीकडे बघायचा.
बड, तो म्हणतो, द काही जमत नाही,
आणि दगड जातो बादलीत, बागेच्या भिंतीसाठी.

खणखणीत निघाला तर मांडीवर चामडं, डोळ्यांना चष्मा.
आधी कड घासून घे. अजून घास.
घाई दिसली की तो शिंग काढून घेतो माझ्या हातातून,
लाल हरणाचं, मुठीशी गुळगुळीत झालेलं.
घाव कडेवर, पण कडेच्या किंचित आत,
खाली आणि थोडा स्वतःकडे,
वाऱ्यानं उघडलेलं दार ओढून घ्यावं तसा.

सहा शनिवार नुसत्या पायऱ्या पडल्या.
कपची निघते, निघते, मध्येच मोडते
आणि दगडावर उंच ओठ ठेवून जाते.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही,
शाळेच्या फळ्यावर हे वर्षभर होतं, कोणी पुसायचं नाही.
इथे देव कुठे निघणार होता?
उडेल ते कामाचं, उरेल तो गाभा.
घरी कपाचा टवका उडाला तर हळहळायचं,
इथे एका टवक्यासाठी अख्खा शनिवार.

सातव्या शनिवारी निघाला.
हाताला आधी कळलं, कुठे अडलंच नाही.
मग तो आवाज.
मी वर पाहिलं. यंत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं.
त्यानं माझा चेहरा पाहिला
आणि म्हणाला, हां. हा.

विड्याच्या पानाएवढा,
कडेला इतका पातळ की उजेड मधाच्या रंगाचा होऊन येतो.
विळीची बघतो तशी अंगठ्यानं धार बघितली.
दुखलं नाही, नुसतं लाल झालं.
आयव्हरनं न बघताच चिकटपट्ट्यांचा डबा सरकवला.

उठले तर ताडपत्रीवर, कपच्यांच्या पसाऱ्यात
दोन मोकळ्या जागा. माझे पाय होते त्या.
तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला,
मग झाडू घेतला.

सगळा चुरा परसातल्या खड्ड्यात जातो
आणि प्रत्येक थरात एक पेनी, चालू वर्षाची.
पुढेमागे कोणी खणलं तर फसायला नको,
दहा हजार वर्षांपूर्वीचं समजायला नको आपल्याला.
आज त्यानं खिसे चाचपले. नाणं नव्हतं,
हल्ली कोण बाळगतं.
मग यंत्र काढलं, नखानं झाकण उचकटलं,
आतली संपलेली बॅटरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी,
टाकली खड्ड्यात.
बॅटऱ्या मातीत टाकू नयेत, हे मीच सांगते सगळ्यांना.
काही बोलले नाही.

वाजली का? त्यानं विचारलं.
थोडीशी, मी म्हणाले.